मेक्सिकोची बाई आमच्या विहारात

आई कापसाच्या जिनिंग मिलमधून परतायची तेव्हा तिच्या केसांत रुई अडकलेली असायची. बाबा हमाली करायचे. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, पण बाबा सगळं वस्तीतल्या जाणत्या तायडेकाकांना विचारून करायचे, आणि काका म्हणत, पोरीचं शिकणं आता पुरे.

काल वीज गेली, मेणबत्ती लावली आणि त्या वासानं मला मलकापूरच्या आमच्या बुद्धविहारात नेलं. वर्षावासातली, पावसाळ्यात रोज विहारात वाचन चालतं त्या दिवसांतली संध्याकाळ होती. ग्रंथवाचन संपल्यावर मी हौसेनं एका मेक्सिकन लेखकाची मराठीत आलेली कथा वाचायला घेतली. मेलेली बाई चुलीपाशी येऊन बसते आणि सासरच्यांशी बोलू लागते, इथवर आले, तोच काका उठले.

"काऊन वं पोरी? आपण बावीस प्रतिज्ञा घेऊन भूतं सोडली, अन् तू विहारातच भूत आणून राह्यली? हेच शिकवते का तुयं कॉलेज?"

बाबांनी मान खाली घातली. कॉलेज सुटलं, असंच मला वाटलं. वाचायला हातात धरलेल्या मेणबत्तीचं मेण अंगठ्यावर गळत होतं.

तेवढ्यात बायकांच्या सतरंजीवरून आईचा आवाज आला. "भूत नाही हो भाऊजी ते. जित्तेपणी त्या बाईले कोणी बोलूच देल्लं नाही. वाच वं तू."

काका मग खाली बसले. "वाच," म्हणाले.

तेव्हा वाटलं, आईनं माझी बाजू घेतली. आज कळतं, पुरुषांसमोर तीही पहिल्यांदाच बोलली होती.

मी एम.ए. झाले. आता बुलढाण्याच्या कॉलेजात तीच कथा शिकवते.