झाकणावर आधीच टाकलेली अक्षरं

पहिल्यांदा मी प्रमिलाबाईंना फसवलं आणि शेवटी त्यांनी मला. दोन्हींमध्ये बत्तीस वर्षं गेली. मी फसवलं ते तीन साड्यांना. त्यांनी मला कितीला फसवलं, ते मला अजून ठरवता येत नाही.

बातमी आली तेव्हा मी पांढुर्ण्याच्या माझ्या दुसऱ्या, भांड्यांच्याच दुकानासमोर माल उतरवून घेत होते. फोन कुंदाताईंचा होता. कुंदाताई आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटातल्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. "सुजाता, प्रमिलाबाई गेल्या वं. झोपेतच गेल्या." मी ओरडले, "सकाळी सकाळी काय बोलून राहिल्या तुम्ही?" पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं. मी फोन ठेवला. गाडीतल्या एका पातेल्याला पोचा पडलेला होता. त्या पोच्यावरून मी ड्रायव्हरशी पाव तास भांडले. तो बिचारा शेवटी म्हणाला, "ताई, फेकून देतो ना मी हे." मग मी बाईंच्या घरी, सौंसरला निघाले. ते भांडण मी का केलं, हे मला कोणी विचारू नये.

आमची ओळख मोहगावची. तेव्हा मी डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरायचे, जुने कपडे घ्यायचे आणि भांडी द्यायचे. रामाकोन्याला सुरुवात करायची, दुपारपर्यंत मोहगाव. प्रमिलाबाई तिथल्या शाळेत नव्यानेच लागल्या होत्या, एका खोलीत राहायच्या. त्यांना पोहे ठेवायला स्टीलचा डबा हवा होता. त्यांनी साडी आणली, मी नाक मुरडलं. दुसरी आणली, मी तिच्यात नसलेलं भोक दाखवलं. तिसरीला जर होती. "हे तर पुसायच्या कामाचंही नाही, बाई," असं म्हणून मी तिन्ही उचलल्या आणि वळून न पाहता सरळ गावाबाहेर आले. तो डबा एका साडीत जायचा.

पुढे माझं सौंसरला दुकान झालं, बाईंची बदलीही सौंसरला झाली आणि त्या रोजच्या झाल्या. एकदा चहा पिताना मी कबूल करून टाकलं. त्या हसल्या. "माहीत होतं मला. एका साडीत येतो डबा."

"मग तीन कायले दिल्या?"

"तुझ्याशी घासाघीस करायला अख्खी दुपार गेली असती. मला पेपर तपासायचे होते."

त्या दिवसापासून मी त्यांना भाव करायला शिकवलं. पहिला शब्द कधी मान्य करायचा नाही, चेहऱ्यावर आवड दिसू द्यायची नाही, निघून जायचं नाटक खरं वाटलं पाहिजे... बाई शिक्षिका, त्यामुळे शिकल्याही पटकन. पांढुर्ण्याच्या स्टँडवर संत्रेवाल्याला हसवून हसवून वर चार संत्री काढून घ्यायच्या. मग हा खेळ आमच्या दोघींत सुरू झाला, चुकूनसुद्धा एखादी गोष्ट सरळ ठरायची नाही. फिरायला मी साडेपाच म्हणायची, त्या सहा म्हणायच्या, निघायचो पावणेसहाला. मी रस्त्याने पुढच्या पुलापर्यंत म्हटलं की त्या अलीकडच्या विहिरीपर्यंत म्हणायच्या. गटातल्या बाकी तिघी कंटाळून पुढे निघून जायच्या. कुंदाताई म्हणायच्या, "तुमच्या दोघींचं लग्न लावून द्यायला पायजे होतं." माझ्या घरी माझ्याशी भांडायला कोणी धजत नाही, दुकानात तर नाहीच. बाई एकट्याच माझ्या तोंडावर "नाही" म्हणायच्या आणि वर हसायच्या.

या थंडीत त्यांना साठ वर्षं होणार होती. मुलगा अतुल नागपूरला असतो, तो हॉल घ्यायचा म्हणत होता. बाईंनी साफ नाही सांगितलं. मोहगावच्या पुढे एक टेकडी आहे. शाळेच्या मुलांना घेऊन त्या कितीतरी वेळा तिथे गेलेल्या. अर्ध्यावर मोहाच्या झाडाखाली चबुतरा आणि अगदी वर पांढरा झेंडा. आम्ही पाच जणींनी चालत जायचं, भाकरी-पिठलं न्यायचं, संत्री न्यायची, एवढाच वाढदिवस.

माझ्या दुकानात भाऊराव म्हणून भांड्यांवर नावं टाकणारा आहे. त्याच्या हातात मशीन आलं की मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, आधी कागदावर लिहून द्या, दोनदा वाचा, स्टीलवर उमटलेलं खोडता येत नाही. यावेळी मी कागद घेतला नाही. पाच डबे काढले आणि भाऊरावला तोंडीच सांगितलं. प्रत्येक झाकणावर त्याने टाकलं : 'प्रमिलाबाईंची साठी, टेकडीच्या माथ्यावर.'

दोन दिवस आधी बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "चबुतऱ्यापर्यंतच जाऊ सुजाता. तिथंच डबे उघडू."

"साठ वर्षं पुरी अन् टेकडी अर्धी? असं कुठं असते?" मी म्हणाले आणि एक डबा त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी झाकणावरून बोट फिरवलं. शेवटच्या शब्दापाशी थांबल्या. मी वाट पाहत होते. आता त्या म्हणतील मोहाच्या झाडापर्यंत, मग मी म्हणेन झेंड्यापर्यंत, मग त्या म्हणतील झेंड्याच्या अलीकडच्या खडकापर्यंत... त्या म्हणाल्या, "बरं. माथ्यावर."

एवढंच. मला जिंकल्यासारखं वाटलं.

इतकी वर्षं मी भांडी विकते. पहिल्या शब्दाला जो हो म्हणतो, त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा बघते. ज्याच्या घरी मयत झालेली असते तो भाव करत नाही. ते माणूस तांब्या उचलतं, सांगितलं ते देतं आणि निघून जातं. हे मला दुकानातल्या पोरीबाळींनाही शिकवता येतं. त्या दिवशी बाई माझ्या समोर उभ्या होत्या आणि मी डबे पिशवीत भरत बसले.

चढताना बाई सारख्या थांबत होत्या. हे कोणतं झाड, ते पाखरू बघ, शेंग उचल. मी पुढून ओरडायची, "बाई, शाळेची सहल नाही ही!" तीन वेळा त्यांनी सँडलचा पट्टा बांधला. चबुतऱ्यावर कुंदाताई त्यांचा हात हातात घेऊन बसल्या, मनगटापाशी. मला वाटलं, प्रेमानं धरलाय. वर पोचलो तेव्हा बाईंचे ओठ फिके पडले होते, पण त्या हसत होत्या. सगळ्यांनी झाकणं समोर धरून फोटो काढला. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुझी अक्षरं खोटी नाही पडू दिली हो मी."

मी म्हटलं, "पडू देते का मी?" आणि संत्रं सोलून त्यांच्या हातात दिलं.

त्यानंतर नवव्या दिवशी त्या गेल्या.

तेरवीला मागच्या अंगणात कुंदाताईंच्या तोंडून निघून गेलं. दोन महिने आधी नागपूरच्या डॉक्टरांनी बाईंना चढ चढायला मनाई केली होती. अतुलला माहीत होतं, कुंदाताईंना माहीत होतं, गटातल्या उरलेल्या दोघींनाही माहीत होतं. नव्हतं फक्त मला.

"मले कायले नाही सांगितलं?"

"तुह्यासमोर बोलायची सोय आहे का कोणाले? बाईच म्हणे, तिले सांगू नोका. चबुतऱ्यापर्यंत जाऊ अन् उतरू, असं आमचं ठरलं होतं. मग त्याईनं तुहा डबा पाह्यला. मले म्हणे, तिनं नाव टाकून घेतलं कुंदा, आता खोडता येते का?"

मी विचारलं, टेकडीनं झालं का हे? हो म्हणा, नाही तर नाही म्हणा.

"असं सांगता येत नाही सुजाता. तसंही झालंच असतं कदाचित."

"कदाचित नोका सांगू मले. एक काहीतरी सांगा."

"बाजार आहे का हा?" असं म्हणून त्या उठून आत गेल्या. तेव्हापासून त्या माझ्या दुकानासमोरून जात नाहीत, पलीकडच्या रस्त्यानं जातात. आमचं फिरणं बंद झालं. मी पावणेसहाला तयार होते, दाराशी उभी राहते आणि परत आत येते. साडेपाच म्हणून सांगायला कोणी नाही, आणि ते सहा करून मागायलाही.

मागच्या आठवड्यात अतुल आला. आईच्या शाळेत मुलांना जेवायला ताटल्या द्यायच्या आहेत, प्रत्येकीवर आईचं नाव हवं. मी भाव सांगितला. मुद्दाम चढा सांगितला. तो म्हणाला, "चालते मावशी." मी त्याच्यावर इतकी ओरडले की रस्त्यावरचे लोक थांबले. "भाव कर! तुह्या मायनं शिकवलं नाही का तुले?" तो नावाचा कागद ठेवून गेला. त्या कागदावर नावाच्या आधी 'कै.' आहे.

ताटल्या माझ्या खुर्चीमागे कोऱ्या पडून आहेत. त्यांच्यावर तो डबा ठेवलाय, माझा स्वतःचा, झाकण वर करून. भाऊरावनं मागच्या खोलीत घासून पाहिलं. अक्षरं गेली नाहीत, नुसता चरा पडला, आता ती अजूनच ठळक दिसतात. तो रोज विचारतो, "ताई, टाकू का नाव?" मी रोज नाही म्हणते.

कुंदाताई, अतुल, आणि गटातल्या तुम्ही दोघी, पेपरची ही पुरवणी तुमच्या घरी येते. माझं काय ते मी इथं छापून दिलं. डबे मी केले, अक्षरं मी टाकली, वर चला म्हणून मी ओरडले. पण मला माहीत नव्हतं आणि तुम्हाला होतं. चार तोंडं होती त्या टेकडीवर आणि घरात, त्यातलं एक उघडलं असतं तर मी ते डबे विहिरीत फेकले असते. मी ओरडते म्हणून गप्प राहिलो, हे मला चालणार नाही. ओरडणाऱ्या बाईला खरं सांगितल्यानं कोणी मेलेलं नाही. न सांगितल्यानं... ते तर तुम्ही मला सांगायचं आहे. कोणी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी दुकान उघडं असतं. या, माझ्या तोंडावर बोला : बाईंना वर का चढू दिलं? मला का नाही सांगितलं? याचा जबाब तुमच्यातली कोण देणार?