मागच्या दाराने आत

किस्से कुणी जमवत नाही. ते दाराशी चपला साठतात तसे साठतात. कुणाची कुठली, कधी आली, पत्ता नाही. एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा नाही! आमच्या बेसबॉलच्या कंपूचं तसंच झालंय.

हो, बेसबॉल. रत्नागिरीत. हसून घ्या.

मिरजोळ्याला वैशालीताईंचं छोटं हॉटेल आहे. माझी ड्युटी नऊची, पण मी साडेसातलाच तिथे हजर. नाना सर, म्हणजे रिटायर झालेले पीटीचे मास्तर, लोणच्याच्या बरणीला टेकवून टॅब उभा करतात. अमेरिकेच्या पलीकडच्या किनाऱ्यावर तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. बाहेर आपल्याकडे धुकं, आंब्यांची ओली पानं, आणि त्या चौकोनात हिरवंगार मैदान, लांब सावल्या. घावणा तोंडात असतो आणि आपण कालमध्ये बसलेले असतो. अर्धवट झोपेत तर वाटतं, तो चेंडू मैदानाबाहेर गेला की थेट पावस गावच्या समुद्रात पडेल.

*

या सगळ्याचं मूळ इक्बालभाई. जहाजावर कुक होते. तरुणपणी त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी एका अमेरिकन बंदरात अडकलं, आणि गोदीतल्या एका म्हाताऱ्याने त्यांना मॅचला नेलं.

"मला वाटलं, संगीतखुर्चीच हाय," भाई सांगतात. "एक मारतो, बाकीचे पळतात, जागा पकडतात. फक्त गाणं बंद व्हायची वाट बघत होतो!"

त्या दिवशी म्हाताऱ्याची टीम दणकून हरली. पण त्याने भाईंना स्वतःच्या डब्यातलं अर्धं सँडविच दिलं. तेव्हापासून भाई त्याच टीमचे. ती टीम जवळजवळ दरवर्षी हरते.

मी एकदा म्हटलं, "भाई, दुसरी टीम पकडा की!"

"खाल्ल्या सँडविचला जागायला नको?"

*

प्लेऑफचा, म्हणजे शेवटच्या बाद फेरीचा, घोळ वैशालीताईंना समजावताना आमचा घाम निघाला. सहा महिने जवळजवळ रोज मॅच. त्यात जो पहिला येतो, तो विजेता नव्हे! प्रत्येक गटातला पहिला पुढे जाणार, शिवाय पहिले न आलेलेही दोन-चार जण मागच्या दाराने येणार, आणि मग पुन्हा सगळं नव्याने. वर्षभर सगळ्यांना धुतलेली टीम चार दिवसांत घरी जाऊ शकते.

ताईंनी तव्यावरचा घावणा उलटला. जरा विचार केला.

"म्हणजे वर्षभर चुलीशी मी उभं राहायचं. गणपतीला मुंबईची जाऊ येणार, एक दिवस खीर करणार, आणि गाव म्हणणार, सुगरण ती!"

नाना सर चार वर्षं मला हेच समजावत होते. त्यांना इतकं नीट कधी जमलं नव्हतं.

*

यातला सगळ्यात मोठा अन्याय म्हणजे गट. एखादा गट इतका लेचापेचा असतो, की त्यातला पहिला दुसऱ्या गटातल्या तिसऱ्यापेक्षाही कमी जिंकलेला असतो. तरी तो आत, आणि तिसरा बाहेर! एका सकाळी भाईंनी यावर टेबल बडवलं. मीही बडवलं. नाना सरांनी मात्र बशीत चहा ओतला.

"सर, तुम्ही बोला की! तुम्ही तर मास्तर!"

सर चहात बघत म्हणाले, "मी शाळेत पंधराशे मीटर पळायचो. देवरुखच्या बाजूला त्या वर्षी पळणारं कुणी नव्हतंच. तालुक्यात पहिला आलो. दुसऱ्या तालुक्यात माझ्याहून जोरात पळणारी पाच पोरं घरी बसली, आणि मी जिल्ह्याला गेलो."

"मग?"

"शेवटचा आलो. इतका शेवटचा, की वेळ लिहिणारे टेबलं आवरायला लागले होते. एकच मुलगी घड्याळ धरून थांबली होती. म्हणाली, 'तुमची वेळ लिहायची राहिलीय, या सावकाश.'"

सरांनी चहा संपवला.

"बत्तीस वर्षं झाली लग्नाला. कच्च्या गटाविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही!"

*

सरांनी मला एकदा मुलींच्या आंतरशालेय बेसबॉल स्पर्धेत स्कोअर लिहायला नेलं होतं. कातळ सड्यावरचं मैदान, खाली नुसता जांभा दगड, वर पिवळं ऊन. गटात आमची शहरातली शाळा आणि देवरुखकडची एक, दोघींचे विजय सारखे, धावाही सारख्या. सेमीफायनलला जागा एकच. नियमात लिहिलेलं : नाणं उडवा.

सरांनी उडवलं. नाणं कातळावर आपटलं, गडगडत गेलं आणि एका भेगेत गडप! दोन्ही कॅप्टन पोटावर पडून आत बघतायत. काटकी घालून झाली, हेअरपिन घालून झाली. नाणं काही निघेना.

मी खिशातून दुसरं काढलं. तेवढ्यात देवरुखची कॅप्टन, दोन वेण्यांची चिमुरडी, उठून म्हणाली, "सर, एक इनिंग खेळूया ना. नाण्याला काय कळतं?"

"अगं, तुमची शेवटची बस?"

बस रस्त्यावर उभीच होती. सर ड्रायव्हरला विचारायला गेले. तो स्टिअरिंगवर हात टेकून कधीपासून मॅच बघत होता.

"निकाल लागू दे, मास्तर. अर्ध्यावर सोडून गेलो तर घाटात माझंच लक्ष लागायचं नाही!"

मग पॅसेंजरही उतरले. कोंबडीची टोपली घेतलेल्या एका आजींना तर मी दोनदा नियम सांगितले. सूर्य समुद्राला टेकला होता, पोरी नुसत्या काळ्या आकृत्या होऊन पळत होत्या, आणि कुणालाच घरी जायचं नव्हतं.

देवरुख एका धावेने हरलं. पोरी रडल्या. कॅप्टनने डोळे पुसले आणि बसच्या पायरीवरून मला म्हणाली, "काका, पण आता झोप लागेल. नाण्याने हरलो असतो, तर नसती लागली!"

*

मागच्या दारावर सगळ्यात जास्त राग इक्बालभाईंचा. "सहा महिने घाम गाळला नाय, तो आत कशाला?" वर्षानुवर्षं हेच. आणि मग एका सप्टेंबरात त्यांचीच टीम रखडत, धडपडत त्या दाराशी येऊन उभी राहिली.

मी मुद्दाम विचारलं, "भाई, तत्त्वाचं काय?"

"तत्त्व बाहेरच उभं राहू दे. आधी आम्ही आत जातो, मग त्याला बोलावतो!"

*

त्याच आठवड्यात भाईंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलं. पुढे ढकलता येण्यासारखं नव्हतं. सकाळी सातला त्यांना आत नेलं. बाहेर बाकावर मी, नाना सर आणि जुबेदाभाभी. भाभींनी लग्न झाल्यापासून या खेळाला 'दांडक्यांची मारामारी' याखेरीज दुसरं नाव दिलेलं नाही. एका हातात तसबीहची जपमाळ, दुसऱ्या हातात ओढणीखाली मोबाईल. मला वाटलं, दुबईच्या मुलाला कळवत असतील. नाना सर खिडकीतून नुसते माडांकडे बघत होते. चार तास गेले.

शेवटी डॉक्टरांनी आत बोलावलं. भाई पांढरेफटक, डोळे मिटलेले. शुद्ध नीट आलीय का, ते डॉक्टर तपासत होते.

"चाचा, नाव सांगा."

सांगितलं.

"कुठे आहात?"

"रत्नागिरीत."

"छान. आज काय आहे, सांगता येईल?"

भाईंचे ओठ हलले. "तीन बाकी हायत... दोन जिंकलो, नि ते दुसरे एक हरले... तर आत."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते भाभींकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नका. थोडा गोंधळ दिसतोय. भुलीचा अंमल असेल."

भाभींनी ओढणीखालचा मोबाईल वर काढला आणि डोळे पुसले.

"गोंधळ नाय, डॉक्टर. पण तीन नाय, दोनच मॅच राहिल्या. तुम्ही आत होतात ना, तेव्हा एक आम्ही जिंकलो!"