कोरडे हातमोजे

क्लबच्या मॅनेजरने आमच्या कॅप्टनला फसवले, आणि त्यासाठी माझे तोंड वापरले. हे आधीच सांगून टाकतो. पुढचे वाचून कोणाला मॅनेजरची बाजू घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्यावी, पण कोणी कोणाला फसवले याबद्दल गोंधळ नको.

मी हॉकीतला माणूस नाही. बर्फाशी माझा जुना संबंध रसवंतीत गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या लादीपुरता. पुण्याच्या जुन्या बाजारात वडील पथारी टाकून गाड्यांचे सुटे भाग विकायचे. मी बोलायला आणि भाव करायला एकदमच शिकलो. पुढे शिकून टेस्टिंगच्या कामावर टोकियोला आलो. कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर बरोबरची माणसे परत गेली. मी टोकियोशेजारच्या इचिकावातच राहिलो, एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यातून खिमा-करी आणि समोसे विकायला लागलो. "मी इंजिनिअरशी लग्न केलं होतं," एवढे बोलून बायकोने बरेच दिवस अबोला धरला. गाडी उभी करायला कुठे धड जागा मिळेना. शेवटी खाडीकडच्या एका आइस रिंकच्या आवारात मिळाली, कारण तिथे दुसरे कोणी यायला तयार नव्हते.

त्या रिंकवर एक व्यावसायिक संघ खेळायचा. आपल्याकडे बर्फावरची हॉकी कोणाला ठाऊक नाही, आणि जपानमध्येही बेसबॉलपुढे तिला फारसे कोणी विचारत नाही. प्रेक्षक थोडे, पण जे होते ते वर्षानुवर्षे तेच. त्यांच्यामुळे माझी गाडी चालली.

कॅप्टन सरावानंतर ओल्या केसांनी यायचा आणि उभ्यानेच खायचा. चाळिशी उलटलेली, नाक दोनदा मोडून एका बाजूला झुकलेले. बचावपटू होता, सगळे आयुष्य याच एका क्लबकडून खेळला. मला 'मास्टर' म्हणायचा. छोटे दुकान चालवणाऱ्याला इथे तसेच म्हणतात. काउंटरवर समोसे मांडून त्याने मला खेळ शिकवला. यात चेंडूऐवजी रबराची काळी चकती असते, तिला पक म्हणतात. "पक जिथे येणार तिथे आधी जाऊन उभं राहायचं. तो आल्यावर धावणारा उशिरा पोचतो." मी म्हटले, "मग तुम्ही धंद्यात यायला हवं होतं." त्यावर तो खूप हसला होता.

संघात एक जुनी रीत होती. सराव संपला की वयाने लहान खेळाडूंनी बर्फावर विखुरलेले पक गोळा करायचे आणि मोठ्यांनी निघून जायचे. कॅप्टनने विशीत हे काम कितीतरी वर्षे केले होते. या सीझनला परदेशात शिकून आलेला तरुण कोच लागला. पहिल्याच आठवड्यात त्याने रीत बंद केली. सगळे व्यावसायिक, सगळे सारखे, ज्याने त्याने आपले उचलावे. झाले असे की कोणीच उचलेना. तरणी पोरे फोन काढून निघून जायची, आणि कॅप्टन बादली घेऊन बर्फावर एकटा फिरायचा.

"काय हो, या वयात गोट्या वेचताय?" मी एकदा त्याला डिवचले.

"माझ्या मागून येणारे वेचतील म्हणून इतकी वर्षं वाट पाहिली, मास्टर," तो म्हणाला. "माझी पाळी आली आणि रीतच गेली."

हसत हसत म्हणाला, पण त्याने समोसा अर्धाच खाल्ला.

तो सगळा सीझनच तसा होता. जुनी माणसे एकेक करून कमी होत होती. अनुभवी गोलकीपर सासऱ्याच्या नूडलच्या दुकानात बसायला गावी गेला. कॅप्टनचा बचावातला जोडीदार क्लबने शरद ऋतूत काढून टाकला. त्याला तर कोणी निरोपाचा चहाही पाजला नाही. संघ हरत होता. प्रेक्षकांत लोक अशा खेळाडूंच्या नंबरांचे शर्ट घालून बसायचे जे आता संघात नव्हते. माझ्या गाडीवरून ते सगळे दिसायचे. मला वाटायचे, हे लोक मॅचला येत नाहीत, दहाव्याला येतात.

नवे वर्ष लागल्यावर मॅनेजर गाडीपाशी आला. गुळगुळीत माणूस. कधी आवाज चढवणार नाही, कधी नाही म्हणणार नाही.

"मास्टर-सान, कॅप्टन तुमचं ऐकतात," तो म्हणाला. 'सान' म्हणजे आपल्याकडचे 'राव'.

प्रायोजकांना नवा चेहरा हवा होता. संघात तेवीस वर्षांचा एक देखणा पोरगा होता, स्टेशनांवरच्या पोस्टरवर त्याचाच फोटो. त्याला सीझन चालू असतानाच कॅप्टन करायचे होते. पण जुन्या कॅप्टनला काढले असते तर प्रेक्षक चिडले असते. म्हणून जुन्यानेच सांगावे की ही माझी इच्छा, मीच सोडतो.

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

मॅनेजरने मान तिरकी केली आणि दातांतून हवा आत ओढली. या देशात इतकी वर्षे काढल्यावर त्या आवाजाचा अर्थ मला कळतो. नाही म्हटले तर कॅप्टन सीझन संपेपर्यंतही टिकणार नव्हता.

म्हणजे सौदा होता, आणि सौदा माझ्या हातात आला होता. मी कॅप्टनला मॅनेजरचे म्हणणे सांगितले आणि विचारले, बदल्यात काय हवे. त्याने एकच गोष्ट मागितली. सीझनचा शेवटचा घरचा, म्हणजे याच रिंकवरचा, सामना खेळायचा, आणि तो वडिलांनी पाहायचा.

त्याचे वडील पार उत्तरेला, होक्काइदोत एका खेड्यात राहायचे. तिथे हिवाळ्यात अंधार पडला की शाळेतल्या मुलांचे बाप मैदानावर नळीने पाणी सोडायचे. पाणी गोठले की दुसरा थर. सकाळी पोरांना खेळायला बर्फ तयार. कॅप्टन त्या मैदानावर शिकला. घरी आल्यावर त्याचे घामाने भिजलेले हातमोजे वडील स्वतः स्टोव्हपाशी वाळत घालायचे, बोटे उलटी करून. पण त्यांनी गायी पाळलेल्या, आणि गायी सोडून माणसाला कुठे जाता येत नाही. या रिंकवर ते एकदाही आले नव्हते. आता गायी विकल्या होत्या.

आम्ही तिघे क्लबच्या ऑफिसात बसलो. मी जुन्या बाजारातला माणूस, मोघम बोलणे मला चालत नाही. मी म्हटले, "शेवटच्या घरच्या सामन्यात हे खेळतील. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आपल्या पाळीला बर्फावर उतरतील. नुसतं बाकावर बसवायचं नाही."

"हो. खेळतील," मॅनेजर म्हणाला. शब्दाला शब्द. मी पुन्हा विचारले. त्याने पुन्हा सांगितले आणि टेबलाला कपाळ टेकेल इतका वाकला.

"मग हे लिहून घेऊ या," मी म्हटले आणि खिशातले पेन काढले. कॅप्टनने टेबलाखाली माझा गुडघा धरला. जोरात. मी पेन परत ठेवले.

बाहेर आल्यावर मी भडकलो. "का अडवलंत?"

"वीस वर्षांहून जास्त काळ आम्ही एका क्लबमध्ये आहोत. लिहून मागितलं असतं तर त्यांच्यावर विश्वास नाही असं तोंडावर म्हटल्यासारखं झालं असतं."

"नाहीच आहे माझा."

"माझा आहे, मास्टर. हा तुमचा बाजार नाही."

त्याने आपला वाटा चोख दिला. पत्रकारांपुढे उभा राहून म्हणाला की ही माझीच इच्छा. शर्टावर शिवलेले कॅप्टनपदाचे 'सी' हे अक्षर माझ्या काउंटरवर कात्रीच्या टोकाने एकेक टाका उसवून काढले आणि त्या पोराच्या हातात दिले. मग आठवडेच्या आठवडे सराव संपल्यावर त्याला शिकवत राहिला. कुठे उभे राहायचे, पंचाशी कसे बोलायचे, हरल्यावर खोलीत आधी कोणाशी बोलायचे. पोरगा सगळे ऐकायचा आणि कमरेत वाकायचा. त्याच्यात काही वाईट नव्हते. तेच मला जास्त झोंबते.

शेवटच्या घरच्या सामन्याला वडील आले. लहानसा माणूस, इस्त्रीचा सूट, हातात माझ्यासाठी मिठाईचा डबा. मॅचच्या दिवशी मी पहिल्यांदाच गाडी बंद ठेवली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. दुसऱ्या बाजूला बायको. तिने त्यांच्या गुडघ्यांवर आपली शाल घातली.

सामन्याआधीच्या सरावात कॅप्टन बर्फावर होता. वडील पुढे झुकले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग सामना सुरू झाला. हॉकीत खेळाडू थोडा वेळ खेळून बाकावर येतात आणि दुसरी तुकडी उतरते. पहिली तुकडी उतरली, कॅप्टन बाकावर होता. दुसरी उतरली.

"पुढच्या पाळीला," मी वडिलांना म्हटले.

पुढची पाळीही गेली. कॅप्टन बाकाच्या टोकाला बसला होता, दरवाजापाशी. बर्फावर उतरणाऱ्या पोरांसाठी तो दरवाजा उघडायचा, आत येणाऱ्यांसाठी उघडायचा. पहिला टप्पा असाच संपला. मी वडिलांना सांगत राहिलो की कोच डावपेच राखून ठेवतात, जुन्या माणसाला शेवटी वापरतात. मला या खेळातले किती कळते ते मला ठाऊक होते. वडील दर वेळी "हं" म्हणायचे.

दुसऱ्या टप्प्यात आमच्यावर गोल चढत गेले. सामना हातातून गेला, म्हणजे आता कोणी उतरले तरी काही बिघडणार नव्हते. लोक ढोल बडवत कॅप्टनचा नंबर ओरडायला लागले. कोचने मान वळवली नाही. तिसऱ्या टप्प्यात मी उठलो. "अहो, बसा," बायको म्हणाली. मी बसलो नाही. मॅनेजर खाली काचेपाशी उभा होता.

"अजून वेळ आहे. पाठवा त्यांना."

"मास्टर-सान, कृपया आपल्या जागेवर बसा."

"तुम्ही शब्द दिला होतात. दोनदा."

"कोणाला उतरवायचं ते कोच ठरवतात. पुढच्या सीझनसाठी नव्या तुकडीला एकत्र खेळायची सवय हवी. मी विनंती केली होती."

"सामना गेलाय. एक मिनिट तरी."

"नंतर समारंभ आहे," तो अगदी मवाळ आवाजात म्हणाला. "फुलं आली आहेत."

यावर मी मराठीत जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. एका सुरक्षारक्षकाने माझ्या कोपराला हात लावून मला जिन्यापर्यंत नेले. नेताना तोही वाकून माफी मागत होता.

सामना संपल्याचा भोंगा वाजला. दिवे मालवले, एकच झोत राहिला. जुन्या गोलांची फिल्म दाखवली. वडिलांना बर्फावर अंथरलेल्या चटईवर नेले, त्यांच्या हातात गुच्छ दिला, त्यांनी तो मुलाला दिला. कॅप्टन चारी दिशांना वाकला. लोक रडत होते. माझ्या पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, किती सुंदर निरोप दिला. हे मला आजही सहन होत नाही. एक माणूस सामनाभर दार उघडत बसला, आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नंतरची फुलेच राहिली.

आम्ही बाहेरच्या बोळात थांबलो. कॅप्टन काखेत हातमोजे धरून आला. वडिलांनी हात पुढे केला. बोलून नाही, कित्येक हिवाळ्यांची सवय असावी, मुलगा खेळून आला की हातमोजे घ्यायचे. कॅप्टनने ते दिले. वडिलांनी एकाच्या आत बोटे घातली, मग दुसऱ्याच्या.

"कोरडे आहेत," ते म्हणाले.

कॅप्टनने मान खाली घातली. "माफ करा."

माफी त्याने मागितली. त्या इमारतीत त्या दिवशी मनापासून माफी मागणारा तो एकटाच होता.

"दार वेळेवर उघडत होतास," वडील म्हणाले, आणि हातमोजे एकावर एक ठेवून आपल्या पिशवीत घातले.

तेवढ्यात नवा कॅप्टन आला आणि वाकला तो वर येईना. मी त्याला विचारले, "तू कोचला एकदा म्हणाला असतास तर?"

"मला वाटलं, त्यांनाच उतरायचं नसेल," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ते काही बोलले नाहीत. त्यांच्या आधी मी कसं बोलणार?"

लहानांनी मोठ्यांच्या आधी बोलायचे नाही, ही एक रीत मात्र त्याने पाळली होती. पक वेचायची रीत गेली, ही राहिली.

कॅप्टन आता होक्काइदोत असतो. मी फोन केला की तो माझ्या बायकोची, मुलीची चौकशी करतो, हॉकीचे नाव काढत नाही. क्लबने मला गाडीसाठी जागा पुन्हा देऊ केली. त्या पत्रात मॅनेजरने लिहिले होते की समारंभाने सगळेच भारावले, आपल्या सहकार्याबद्दल आभार. मी गाडी टोकियोतल्या कोतो भागात हलवली. तिथे धंदा बरा आहे. मुलगी जपानीत म्हणते, बाबा, आता काही करता येणार नाही. बायको म्हणते, त्यांचं ते विसरले, तुम्हीही विसरा. कोणीही विसरलेले नाही. कॅप्टन बोलत नाही, त्याचे वडील बोलत नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्यावर मॅनेजर आरामात बसला आहे. मी भाव करण्यात सहसा हरत नाही. हरलोच तर समोरच्याने जिंकले म्हणून मान देतो. इथे कोणी जिंकले नाही. माल घेतला आणि मोबदला दिलाच नाही, याला व्यवहार म्हणत नाहीत.

मॅनेजर-सान, तुम्ही मला उत्तर देऊ नका. माझ्यासमोर वाकण्याची तुम्हाला सवय आहे. विमानात बसा आणि त्या खेड्यात जा. त्या म्हाताऱ्यासमोर गुडघे मोडून बसा. त्यांच्या पिशवीतले हातमोजे मागून घ्या, आत बोटे घाला, आणि ते कोरडे का राहिले हे त्यांना सांगा. कोचचे नाव न घेता सांगा. शब्द तुम्ही दिला होता.