थोरलीचा कोपरा

लेसच्या जुन्या नमुनावह्या हौशी संग्राहक सौंदर्यासाठी जपतात. उशीवर टाचण्या रोवून, दोरा गुंडाळलेल्या दांड्या फिरवत लेस विणणाऱ्या बाया मात्र त्यांत दोऱ्याचा माग काढतात. विणकामाच्या एका शाळेत आज सर्वाधिक चाळली जाणारी निळ्या कागदांची वही एकेकाळी एका घरच्या थोरल्या सुनेच्या ताब्यात होती. गल्ली तिला टाचणी म्हणे. अंगाने ती तशीच होती आणि बोलण्यानेही.

वहीत चिकटवलेले सगळे तुकडे सरळ काठांचे होते. कोपरा एकही नव्हता. ही त्या घराची रीत होती. सरळ काठ कोणीही बघून उतरवील; काटकोनात वळताना दोरे कसे फिरवायचे, ते मात्र शिकवावे लागते. थोरलीची सासू कोपरा आला की भिंतीकडे तोंड करून बसे. ती अंथरुणाला खिळली तेव्हा थोरलीने औषधाचा चमचा हातात धरून ठेवला आणि एकेक वळण तिच्याकडून वदवून घेतले. पुढे तीही भिंतीकडे तोंड करून बसू लागली.

धाकटी जाऊ विधवा होऊन त्याच घरात उरली. तिच्या वाट्याला सरळ काठ आले आणि खरकटी भांडी. लेसच्या कारखान्याच्या मालकिणीने एकदा तिला सांगितले, ‘गुलाबाच्या काठाचं चौकोनी मेजकापड करून आण. कारखान्यावरची खोली आणि कायमचं काम तुझं.’ थोरलीने वही हसतहसत दिली. धाकटीने एक बाजू विणून काढली आणि कोपऱ्याशी तिचे हात थांबले.

त्याच हिवाळ्यात थोरलीचा उजवा हात लुळा पडला, तोंड किंचित वाकडे झाले. जीभ शाबूत राहिली. डाव्या हातानेही चमचा धरवेना, त्यामुळे तिला भरवावे लागे.

‘जाऊबाई, कोपरा सांगा ना.’

‘का गं, वहीत नाही सापडला? नीट बघ, गुलाबामागे लपला असेल.’

‘टोमणे पुरेत. मला इथून जायचंय.’

‘जा की. मग मला भरवणार कोण, तुझा मेलेला नवरा?’

धाकटीने पेजेची वाटी उचलून खिडकीत ठेवली. ‘आधी कोपरा.’

थोरलीने खिडकीतल्या वाटीकडे पाहिले. ‘अगदी माझ्यावर गेलीस,’ ती म्हणाली. ‘आण ती उशी.’

ती सांगत गेली, धाकटी दांड्या फिरवत गेली. वळणावर थोरली म्हणाली, ‘आता दोऱ्यांच्या आतल्या दोन जोड्या काप.’

‘कापू? मग पुढचा गुलाब भरायचा कशाने?’

‘कोपरा तुला येतो की मला?’

धाकटीने कात्री चालवली. पुढच्या गुलाबाला दोरा पुरेना. टाचण्या काढताच कोपरा सुकल्या पानासारखा आत वळला. कापलेला दोरा मागे नेता येत नाही.

‘जा आता,’ थोरली वाकड्या तोंडाने हसली. ‘आणि ती पेज आण. गार झाली असेल.’

मालकिणीने खोली दुसरीला दिली. धाकटीने थोरलीला शेवटपर्यंत भरवले. गरम असे काही मात्र थोरलीच्या तोंडी पुन्हा पडले नाही. थोरली गेल्यावर धाकटीने तो बिघडलेला कोपरा कापून वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवला आणि खाली लिहिले: ‘आमच्या थोरल्या जाऊबाईंचा कोपरा. त्यांनी सांगितला तसाच.’

शाळेत नव्या मुलींना पहिल्यांदा हेच पान दाखवतात. सुबक नमुने काठापलीकडे काही सांगत नाहीत. इथे मात्र जोड्या नेमक्या कुठे कापल्या आणि ताण कुठे आला, हे दोऱ्यात स्वच्छ दिसते. त्या चुकीवरून उलट हिशेब मांडत गुलाबाचा खरा कोपरा तिथे पुन्हा बसवला गेला, आणि आता तो कोणालाही शिकवतात.

‘बाई, या थोरल्या जाऊबाई कोण होत्या?’ मुली विचारतात.

‘असेल कुणी,’ बाई म्हणतात. ‘लेस येत नव्हती बिचारीला.’