विकतची माती

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी शाळेला निघाले होते. "आत्या, अण्णा गेले," तो म्हणाला आणि मग, "येताना दौंडातनं एक मडकं घिऊन या. घरात न्हाई." अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, जातीचा आणि हाताचाही कुंभार. मांडवगण फराट्याच्या आसपासच्या गावांत कितीतरी लग्नांना आणि मयतांना त्याने मडकी पुरवली, आणि त्याच्यापुढे धरायचं मडकं मला बाजारातून न्यायचं होतं. स्टेशनाजवळ एक दुकान आहे. मूर्तिकारांसाठी शाडू, प्लास्टर, रंग, पोत्यातली तयार माती, झालंच तर तयार माठ-मडकी. मालकाने बोटाने मडकं वाजवून दाखवलं. "एकदम पक्कं हाय बाई." पक्कं! दोन तासांनी ते फुटायचंच होतं. आठ वर्षांनी मी त्या दुकानात पाय ठेवला होता. त्याने मला ओळखलं नाही, याचाही मला संतापच आला.

वडील गेल्यावर अण्णानेच मला शिकवलं. आमच्यात बायका चाकाला हात लावत नाहीत. "चाकावं बसता येत न्हाई ना, मग बाकावं बस," असं म्हणून त्याने मला शाळेत घातलं आणि मी दौंडात चित्रकलेची शिक्षिका झाले ती त्याच्या जिवावर. माती तो भीमेच्या काठावरून आणायचा. खणण्याआधी चिमूटभर जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा. "गोड हाय," म्हणाला की कुदळ पडायची. खारट लागली तर तिथून उठायचा, मग ती दिसायला कितीही मऊ असो. नव्वदीच्या अखेरीस काठचं ते रान वीटभट्टीवाल्याने घेतलं आणि अण्णाचं चाक थांबलं. मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मला भारी हौस... शाळेला उन्हाळ्यासाठी माठ हवे होते. मी मुख्याध्यापकांना शब्द देऊन बसले, माझा भाऊ करून देईल म्हणून. आणि अण्णाला म्हटलं, माती काय, दुकानात मिळते.

तो टोपी घालून, धुतलेला सदरा घालून स्टेशनाजवळच्या त्याच दुकानात आला. दुकानात कुणी माती विकतं यावरच त्याचा विश्वास बसत नव्हता. त्याने पोतं उघडायला लावलं, चिमूट घेतली आणि सवयीने जिभेवर ठेवली. मालक हसला. "काका, माती खायची नसती, मळायची असती." दुकानात आमच्याच शाळेतल्या दोघी शिक्षिका रंग घ्यायला आल्या होत्या. त्याही हसल्या. अण्णाने डोळे उघडले. "शकू, ही खारट हाय. लोणा फुटंल." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझी जीभ तंबाखूनं मेलीय, अण्णा. उचल पोती." मी शब्द दिलेला त्याला ठाऊक होता. त्याने पोती उचलली.

माठ दिसायला सुरेख झाले. पंधरा दिवसांनी अंगावर मिठासारखा पांढरा लोणा चढला, पापुद्रे सुटायला लागले, पाण्याला खारट चव आली. मुलं पाणी ओतून द्यायला लागली तेव्हा मुख्याध्यापकांनी अण्णाला बोलावून घेतलं. शिक्षकांच्या खोलीत तो उभा होता आणि मी चहाचा कप धरून बसले होते. "माती कुठली वापरली?" त्यांनी विचारलं. अण्णाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मातीला काय झालं न्हाई, सायेब. भट्टी माजीच कच्ची राहिली." त्याची भट्टी कधी कच्ची राहिल्याचं मला आठवत नाही. मी तोंड उघडलं नाही. चहा मात्र संपवला.

गोष्ट गावात पोचायला वेळ लागला नाही. त्याच्या हातचं कुणी घेईना. लग्नातली ऐरणीची मडकीसुद्धा लोक पाटसहून आणायला लागले. त्यानंतर अण्णा त्याच वीटभट्टीवर कामाला गेला आणि मरेपर्यंत आपल्याच गोड मातीच्या विटा पाडत राहिला. धुराने छाती भरली ती भरलीच. मी दर दिवाळीला भाऊबीजेला जायची, ओवाळायची, साडी घ्यायची. पोरांच्या परीक्षा, माझी बदली, सगळं बोलायची. ते एक सोडून. मनात म्हणायची, जुनं झालंय, तो विसरला असेल... आपल्या सोयीचं असलं की माणूस दुसऱ्याच्याही विसरण्यावर विश्वास ठेवतो.

दहाव्याला नदीवरून परत आल्यावर मी वहिनीला परसात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. मातीचं, जिभेचं, चहाचं. रडत रडत सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हातातली भांडी घासायचं काही थांबवलं नाही.

"आमाला ठावं हाय, वन्सं. त्याच दिशी त्यांनी सांगितलं हुतं. म्हनले, शकूची नोकरी हाय तिथं, कुनी काय बोलायचं न्हाई."

"मग इतकी वर्षं मला एका शब्दानं तरी..."

"आमी कशापायी बोलावं?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "दर दिवाळीला तुमची यष्टी गेली की ते फाट्यावरनं घरी यायचे. चप्पल काढायच्या आदी मला इचारायचे, 'शकू तुज्याजवळ काय बोलली का गं?' मी न्हाई म्हनायची. मग जेवायला बसायचे."

परवा मी पुन्हा गावी जाऊन आले. एसटीपर्यंत सोडायला कुणी आलं नाही. फाट्यावर एकटीच उभी होते... अण्णाला जे सांगायचं ते सगळं आता तोंडात तयार आहे, अगदी शब्दन् शब्द, आणि रोज ते घेऊन मी शाळेत जाते, मुलांना चित्रं काढायला शिकवते.