भट्टीचा हंडा

गयाआत्या गेली तेव्हा मी नांदेडला, विष्णुपुरीच्या ऑफिसात होते. चुलतभाऊ दिगंबरचा फोन आला. "आत्या गेली," म्हणाला आणि त्याच दमात, "येताना चहापत्ती आण, हॉटेलातली संपलीय." आत्याला हे पटलं असतं. रडणाऱ्यालाही चहा लागतोच...

अहमदपूरच्या एसटी स्टँडमागच्या आमच्या हॉटेलाच्या जागी निजामाच्या अमलात आजोबांची भट्टी होती. मोहाची दारू गाळायची, सरकारी परवान्यानं. परवाना गेला तसा त्यांनी त्याच चुलाणावर चहा ठेवला आणि वर मुक्कामाच्या खोल्या काढल्या. पुढं घरात भट्टीचा विषयच बंद झाला, पोरींची लग्नं अडतील म्हणून. आत्याला बघायला पाहुणे आले तेव्हा 'गुळाचा व्यापार' सांगायचं ठरलं होतं. मुलाच्या काकांनी विचारलं, तर ही म्हणाली, "दारू गाळायचे. चोरून न्हाई." पाहुणे पोहे टाकून उठले. आत्यानं ते पोहे आम्हा पोरांना वाटले, पुन्हा कुणाला दाखवून घेतलं नाही आणि आजोबांमागं गल्ल्यावर बसली ती शेवटपर्यंत.

भट्टीतला एकच ऐवज उरला, तांब्याचा भलामोठा हंडा. वाफेची नळी जायची ते काठाखालचं भोक बुजवून वर ठिगळ मारलेलं. दरवर्षी गावच्या सप्त्याचा भात याच हंड्यात शिजतो. कमिटीचे विठ्ठलराव मागायला आले, की आत्या विचारायची, "कुठला हंडा?" मोठा, तुमचा, तांब्याचा, असलं काही चालायचं नाही. "भट्टीचा म्हण. जीभ झडत न्हाई." एका वर्षी चिडून कमिटीनं नवं पातेलं आणलं. बूड पातळ, भात करपला. आत्या पंगतीत बसली आणि मिटक्या मारत जेवली. पुढच्या वर्षी विठ्ठलराव दारातूनच म्हणाले, "आत्या, भट्टीचा हंडा."

दहाव्याला कमिटीनं नवा बेत काढला. हंडा मंदिराला द्यायचा आणि त्यावर आत्याच्या नावाची पितळी पट्टी ठोकायची. कुठं ठोकणार, मी विचारलं. नेमकं ठिगळावर!

"देऊन टाकू ताई, आत्याचं नाव राहील," दिगंबर म्हणाला.

"तिच्याच नावानं तिचं तोंड बंद करायचं?"

"पोरीसाठी स्थळं बघायलोय मी. लोकं ठिगळ बघतेत."

"बघू दे. उठून जाणारे पाहुणे आधीच गेलेले बरे."

हॉटेलात माझाही वाटा आहे. मी नाही म्हणाले, विषय संपला.

गेल्या आठवड्यात सप्ता झाला. विठ्ठलराव आले. मी गल्ल्यावर होते.

"ताई, हंडा."

"कुठला?"

"आत्या गेली म्हणून जरा निवांत आलो होतो," म्हणाले. मग हसले. "भट्टीचा."

"कसली भट्टी?"

"दारूची, माय. दारूची. द्या आता, तांदूळ भिजलेत."

हंडा घासून-पुसून परत आला. गल्ल्याशेजारी, आत्या ठेवायची तिथंच, ठिगळ रस्त्याकडं करून ठेवलाय. मी नांदेडला गेले की दिगंबर तो भिंतीकडं फिरवतो. मी आले की पुन्हा रस्त्याकडं फिरवते. जड आहे... पण फिरतो.