ताईला विचारा

ऑफिसात तिला सगळे 'कात्री' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. गेल्या अकरा महिन्यांत तिला कशाचंच फारसं काही वाटलेलं नाही, तिथे कात्रीचं काय घेऊन बसलात.

नाव पडलं ते कामावरून. कंपनी रक्तदाब मोजायची यंत्रं बनवते. नव्या यंत्रांवर तरणी मंडळी बसतात, जुनी यंत्रं हिच्या वाट्याला. जुन्यांच्या चिपमध्ये जागा बेताची. नवा प्रोग्रॅम त्यात अकरा किलोबाइटांनी मावत नव्हता, आणि तो मावला नाही तर गावोगावच्या दवाखान्यांतली ती यंत्रं भंगारात जाणार होती. म्हणून कापाकापी.

शेजारच्या टेबलावर नवरदेव बसतो. त्याचं लग्न ठरून चार वर्षं झाली, अजून झालेलं नाही.

"आता आणखी काय कापणार?" तो म्हणाला. "परवा धन्यवादाचा संदेश काढलास. उद्या म्हणशील, रक्तदाबच नको."

"कापायचं नाहीये. तेच तेच सदतीस वेळा आहे, ते एकदा करायचंय."

त्याचं असं होतं. प्रोग्रॅम सदतीस फायलींत लिहिलेला. कंपायलर, म्हणजे लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवणारा, एकेक फाईल उचलतो आणि तिची एकेक ऑब्जेक्ट फाईल बनवतो. शेवटी लिंकर त्या सगळ्या जोडतो. आकडे क्रमाने लावायचा एक साचा होता, आणि तो सगळ्याच फायलींना लागायचा. कंपायलर जुना, स्वभावाने सरळमार्गी. साचा दिसला की ओतलाच. शेजारच्या फाईलमध्ये हेच ओतून ठेवलंय, याची त्याला खबरच नाही. सदतीस फायली, सदतीस नग, आणि सगळे चिपमध्ये दाटीवाटीने बसलेले. कंपायलरला एक सूचना देता येते: इथे ओतू नकोस, दुसरीकडे ओतलेलं आहे असं धरून चाल. एका ओळीची सूचना.

ती ओळ ती एकेका फाईलमध्ये घालत होती. बाजूचा चहा गार झाला होता. तिने तो तसाच प्यायला आणि गार आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही.

घरी बाबा होते. आई जाऊन अकरा महिने झाले होते, आणि बाबांच्या डोक्यातून नेमकं तेवढंच पुसलं जायचं. दिवसातून पाच-सहा वेळा ते विचारायचे, "ही कुठंय?" ज्याला विचारतील त्याचं उत्तर वेगळं.

धाकटा भाऊ म्हणायचा, "मावशीकडे गेलीये बाबा, रविवारी येईल."

भावजय म्हणायची, "बाजारात गेल्यात, येतीलच एवढ्यात."

दिवसा बाबांना सांभाळायला येणाऱ्या बाई म्हणायच्या, "झोपल्यात. आवाज करू नका."

आणि ती स्वतः म्हणायची, "आई गेली, बाबा." साडेपाच वाजले, असं सांगावं तसं. बाबा दर वेळी पहिल्यांदाच ऐकायचे. खाली बसायचे, रडायचे. ती पाण्याचा पेला पुढे ठेवायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

एवढ्यानेही निभावलं असतं. पण उत्तरं एकमेकांत मिसळायला लागली.

"तू म्हणतोस मावशीकडे," बाबा एका संध्याकाळी भावाला म्हणाले, "तुझी बायको म्हणते बाजारात. मावशी काय बाजारात राहते? मला काय खुळा समजलात? ती आली की जेवेन. तोवर ताट उचला."

ताट उचललं गेलं. दुसऱ्या दिवशीही. गोळ्या जेवणानंतरच्या, म्हणून गोळ्याही राहिल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वजन केलं आणि तिला बाजूला घेतलं.

"सोमवारपर्यंत खायला लागले नाहीत तर भरती करू. आणि घरात एकच उत्तर ठेवा हो. कुठलंही ठेवा, पण एक."

भरती म्हणजे तेच हॉस्पिटल. आईचं. तिने मान डोलावली.

एक उत्तर ठेवायला चौघांनी बसायला हवं होतं. बसले. भाऊ म्हणाला, खोटंच बरं. भावजय म्हणाली, खोटं बोलायचं तर माझंच ठेवा, मावशींना उगीच कशाला ओढता? बाई म्हणाल्या, मला काय, सांगाल ते म्हणेन. अर्ध्या तासाने कोणीच काही ठरवलेलं नव्हतं.

तिने कागद घेतला, लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवला: 'बाबांनी आईबद्दल विचारलं तर कोणीही उत्तर द्यायचं नाही. ताईला विचारा, एवढंच म्हणायचं.'

भावजयीने तो दोनदा वाचला. "हे बरं झालं, ताई," ती म्हणाली, आणि तिचे खांदे इतके सैलावले की पाहणाऱ्याला कळावं, हिला ते 'बाजारात गेल्यात' म्हणणं किती जड जात होतं.

शुक्रवारी सकाळी सदतीसाव्या फाईलमध्ये ती ओळ पडली. तिने बिल्ड लावलं, म्हणजे सगळा प्रोग्रॅम नव्याने बांधायला टाकला. कंपायलर एकेक फाईल गिळत गेला, कुठेही अडला नाही. मग लिंकरची पाळी आली आणि पडद्यावर लाल ओळी उतरायला लागल्या. एकच तक्रार, सदतीस वेळा: जे दुसरीकडे आहे म्हणालात, ते कुठेच नाही.

नवरदेव खुर्ची सरकवत आला. वाचलं. मग अगदी हळू म्हणाला, "कात्रे, सगळ्यांना नको म्हणालीस. पण कर म्हणून कोणाला सांगितलंस?"

नवशिक्याची चूक. एका फाईलमध्ये उलटी सूचना द्यायची असते: इथे ओत. तीच राहिली होती. ती पडद्याकडे बघत बसली. बोटं कीबोर्डवर होती, पण टाइप काही करत नव्हती.

"अगं, होतं असं," नवरदेव म्हणाला. "लग्नाचा हॉल मी बुक करणार असं आमच्याकडे तिघांना वाटत होतं."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. फाटकावरचा वॉचमन.

"मॅडम, एक काका आलेत. म्हणतात, ताईला भेटायचंय. मी म्हटलं, कोणती ताई? तर म्हणाले, जिला सगळं माहीत आहे ती. मी म्हटलं, आमच्याकडे असं कोणी कामाला नाही. तर म्हणतात, विचारून तर बघ. म्हणून आपलं एकेका टेबलावर फोन करून विचारतोय."

वॉचमनच्या केबिनमध्ये बाबा स्टुलावर बसले होते. बाहेर जायचा शर्ट, नीट खोचलेला. पायात दोन वेगवेगळ्या चपला. पंधरा वर्षांपूर्वी तिला मुलाखतीला सोडायला तेच आले होते. तेवढा रस्ता डोक्यात शाबूत होता.

"अगं, सापडलीस एकदाची, ताई," ते म्हणाले. "सकाळपासून विचारतोय. तो म्हणाला ताईला विचारा, त्याची बायको म्हणाली ताईला विचारा. त्या बाईंना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं आणि कपडे वाळत घालायला गेल्या. घरात ताई कुठे? म्हटलं, आपणच जावं."

वॉचमन उगाचच बाहेर जाऊन उभा राहिला.

"सगळे टोलवतायत मला," बाबा म्हणाले. "म्हणजे काहीतरी बरंवाईट झालंय. ना?"

"हो."

"कधी?"

"अकरा महिने झाले, बाबा."

आता ते रडतील म्हणून ती पाण्याची बाटली शोधायला लागली. ते रडले नाहीत. पुढचा प्रश्न आला, जो आजवर कधी आला नव्हता, कारण आजवर ती पहिलं वाक्य बोलून निघून जायची.

"मी होतो तिथे?"

बाबा नव्हते तिथे. खाली कँटीनमध्ये होते. सकाळपासून पोटात काही नाही, जाऊन चहा तरी घ्या, असं म्हणून तिनेच त्यांना पाठवलं होतं. दहा मिनिटांची तर गोष्ट होती.

"होतात," ती म्हणाली. "तिचा हात तुमच्या हातात होता."

"काही म्हणाली?"

"म्हणाली, तुम्ही जेवून घ्या."

बाबा थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "म्हणणारच," ते म्हणाले. "दुसरं काय म्हणणार ती. मग बरं." आणि जरा वेळाने, "तुझा डबा आहे का गं?"

डबा तिने तिथेच उघडला. त्यांनी अर्धा संपवला. ती गोळी मागवायला घरी फोन करत होती, तेव्हा पलीकडे भाऊ ओरडत होता, बाई रडत होत्या, आणि तिला ते कुठल्यातरी लांबच्या खोलीतून ऐकू यावं तसं येत होतं.

संध्याकाळी भावाने तिला गाठलं. "ताई, बाबा सांगतायत, तिचा हात माझ्या हातात होता. पण बाबा तर तेव्हा खाली..."

"आता हेच."

"अगं, पण..."

"तुला सांगायचंय का त्यांना? रोज पाच वेळा?"

तिने फ्रिजवरचा कागद काढला नाही. त्याच्याखाली फक्त एक ओळ वाढवली: 'आणि लगेच फोन लावून द्यायचा.' खाली ऑफिसचा नंबर.

सोमवारी वजन पाव किलोने वाढलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, घरीच राहू द्या.

ऑफिसात तिने एका फाईलमध्ये ती राहिलेली ओळ घातली. इथे ओत. लिंकरने कुरकुर केली नाही.

"मावलं?" नवरदेवाने विचारलं.

"मावलं. तीनशे बाइट उरले."

"अरे वा. धन्यवादाचा संदेश परत घाल की मग."

उत्तर द्यायला ती वळली, आणि फोन वाजला. अकरा वाजून चाळीस मिनिटं. आजचा दुसरा. नवरदेवाने कानांत हेडफोन घातले. त्याला कोणी तसं सांगितलेलं नव्हतं.

"हं, बाबा," ती म्हणाली. "आधी खुर्चीत बसा. बसलात? हं. आता विचारा."